सीझनपुरतं लॉगिन

दसरा जवळ आला की खानदेशातल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांत, काटापूजनाची गडबड सुरू होते, आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूरही बदलतो. या महिन्यात धरणगाव, नंदुरबार, चोपडा, भुसावळ, जळगाव आणि अमळनेरहून पत्रं आली. धंदे वेगळे, पण विचारणा एकच: सॉफ्टवेअर आता क्लाउडवर गेलंय, कुठूनही उघडतं, मग कोणाला, कितपत आणि कधीपर्यंत आत येऊ द्यायचं? जिनिंग, डाळमिल आणि पतसंस्थांना हिशेबाची सॉफ्टवेअर लावून देणं हेच माझं रोजचं काम. त्यामुळे हा प्रश्न मला रोज भेटतो, आणि त्याकडे होणारं दुर्लक्षही रोज दिसतं. या वेळचं सदर म्हणूनच पूर्ण या एका विषयाला दिलं आहे.

ताई, आमची जिनिंग धरणगाव तालुक्यात आहे. मागच्या वर्षी काटा, खरेदी आणि हिशेब एकाच क्लाउड सॉफ्टवेअरवर घेतले. सीझनला दोन पाळ्यांत मिळून काट्यावर चार पोरं, एक ग्रेडर, एक मुनीम आणि आम्ही दोघे भाऊ, असे सगळे एकाच लॉगिनने काम करतो. काट्यावरची पोरं सीझन संपला की गावी जातात. यंदा त्यांतली दोनच परत येतील. पासवर्ड बदलला की झालं ना? (एक जिनिंगमालक, धरणगाव)

नाही भाऊ, तेवढ्याने भागत नाही. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड बदलला तरी ज्या मोबाईलवर ते आधीच उघडं आहे तिथे ते उघडंच राहतं. सेटिंगमध्ये ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ असा पर्याय शोधा आणि तो दाबा. मग खात्याला जोडलेला मोबाईल नंबर आणि ईमेल कोणाचा आहे ते पाहा. सॉफ्टवेअर लावताना ज्या पोराच्या हातात फोन होता, त्याचाच नंबर ‘रिकव्हरी’ला पडलेला मी कितीतरी ठिकाणी पाहिला आहे. तो नंबर तसाच राहिला तर तुम्ही दहादा पासवर्ड बदला, त्याला तो नव्याने काढता येईल. काट्याच्या केबिनमधल्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेला असेल तर तोही पुसा.

हे सगळं केलं तरी मुख्य अडचण राहतेच. नवा पासवर्ड संध्याकाळपर्यंत पुन्हा सगळ्यांना सांगावा लागेल, कारण लॉगिन एकच आहे.

तुमच्या काट्यावरची एक संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, वजन पडतं. मध्ये ग्रेडर कापसात मशीन खुपसून ओलावा बघतो. माल खाली झाला की रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर येते आणि वजाबाकी होऊन निव्वळ वजन निघतं. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, आणि १२ च्या वर गेला तर सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, माल घेत नाही. म्हणजे एका पावतीवर वजन, ओलावा आणि भाव असे तीन आकडे आहेत, ज्यांतला एक जरी हलला तर शेतकऱ्याचं तरी नुकसान होतं किंवा तुमचं तरी. हे तिन्ही आकडे त्या एकाच लॉगिनमधून बदलता येतात. उद्या भांडण झालं तर सॉफ्टवेअर एवढंच सांगेल की रात्री नऊ वाजता ‘ॲडमिन’ने बदल केला. ॲडमिन म्हणजे तुम्ही आठ जण.

म्हणून पहिलं काम, प्रत्येकाचा वेगळा युजर. त्याच्या नावाचा, त्याच्या मोबाईलला जोडलेला. काट्यावरच्या पोराला नवी वजननोंद करण्याची आणि पावती छापण्याची परवानगी द्या. पावती छापल्यानंतर ती बदलण्याची देऊ नका. ग्रेडरला ओलाव्याचा रकाना भरू द्या, भावाचा नको. मुनीम खरेदी नोंदवेल आणि पेमेंट तयार करेल. मंजुरी तुम्हा भावांपैकी एकाची. युजर वाढले की पैसे वाढतात हे खरं आहे, आणि नेमक्या याच कारणाने लोक एका लॉगिनवर राहतात. सॉफ्टवेअरवाल्याशी आधीच बोला की आमचे युजर सीझनपुरते आहेत, महिन्याच्या हिशेबाने द्या. बरेच जण देतात, फक्त आपण मागत नाही.

दुसरं, तारीख. युजर तयार करताना मुदत घालण्याची सोय असेल तर तिथेच घाला. लहान धंद्यांसाठीच्या पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये ती नसते. तेव्हा ज्या मिनिटाला युजर तयार कराल त्याच मिनिटाला फोनच्या कॅलेंडरमध्ये ‘अमक्याचं लॉगिन बंद करणे’ असं स्मरण लावा, तुमच्याही फोनवर आणि भावाच्याही. मुदत सीझन संपण्याच्या अंदाजाने घालू नका, त्याच्या अलीकडची घाला. कापूस येतच राहिला तर वाढवून घेता येते. वाढवायला कोणीतरी येऊन मागतं. बंद करायची आठवण मात्र कोणी करून देत नाही.

बंद म्हणजे डिलीट नव्हे, हे लक्षात ठेवा. माणूस गेला की त्याचा युजर ‘इनॲक्टिव्ह’ करायचा. झोहो बुक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय सरळ दिलेली आहे. त्याने केलेल्या जुन्या नोंदींवर त्याचं नाव तसंच राहतं आणि त्याला आत मात्र येता येत नाही. परत येणाऱ्या दोन पोरांचे आधीच वेगळे युजर असते तर तेच पुन्हा सुरू करता आले असते. पुढच्या वर्षी तसं करा. पण सुरू करताना परवानग्या नव्याने बघा. मागच्या सीझनला काट्यावर असलेला पोरगा यंदा गाठींच्या गोडाऊनवर असेल, तर त्याला काट्याचं काही उघडायला नको.

आता तुमच्या मनात आलेला पुढचा प्रश्न: रात्रपाळीत ट्रॉलीचा नंबर चुकला, पावती छापून झाली, शेतकरी खोळंबलाय, पोराला दुरुस्ती करता येत नाही. अशा वेळी त्याने फोन करायचा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तासाभरापुरती जादा परवानगी देता येत असेल तर ती द्या आणि कारणाच्या जागी पावतीचा नंबर लिहा. तशी सोय नसेल तर दुरुस्ती तुम्ही स्वतः तुमच्या फोनवरून करा. ‘सारखे फोन येतात’ म्हणून त्याला दुरुस्तीचा अधिकार कायमचा देऊन टाकू नका. सारखे फोन येत असतील तर काट्यावर काहीतरी मुळातच चुकतंय, आणि ते तुम्हाला कळायलाच हवं.

नंदुरबारला आमचा मिरचीचा व्यापार आहे. पथारीवरून वाळलेला माल भरून गाडी रात्री निघते. ई-वे बिलाचा (माल गाडीने पाठवताना जीएसटीखाली काढायच्या ऑनलाइन बिलाचा) ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो, मी झोपलेलो असलो की गाडी उभी. मुलगा म्हणतो, तुमचं सिम ऑफिसच्या फोनमध्ये घालून ठेवू. तसं करू का? (एक व्यापारी, नंदुरबार)

कृपा करून करू नका. त्याच सिमवर तुमच्या बँकेचे ओटीपी येतात. ई-वे बिलासाठी दिलेलं सिम म्हणजे तिजोरीसकट सगळं दिल्यासारखं होईल.

ई-वे बिल पोर्टलवरच ‘सब-युजर’, म्हणजे तुमच्या खात्याखाली दुसऱ्या माणसाचं लॉगिन, तयार करण्याची सोय आहे. १ एप्रिल २०२५ पासून पोर्टलवर ओटीपी सगळ्यांनाच सक्तीचा झाला, पण सब-युजरचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या मोबाईलवर जातो. रात्री गाडी भरणाऱ्या माणसाला सब-युजर करा, त्याचा नंबर जोडा आणि परवानग्यांमध्ये फक्त बिल तयार करण्यावर खूण करा. दुसऱ्यांनी तुमच्या नावे काढलेली बिलं नाकारण्याचा अधिकार त्याला नको. मिरचीचा हंगाम आटोपला की तिथेच ‘फ्रीझ’चा पर्याय आहे. सब-युजर गोठतो, आणि त्याला आत येता येत नाही.

आणखी एक. साध्या गाडीच्या बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस धरली जाते. त्यामुळे ‘मी झोपायच्या आधी काढून ठेवतो’ हा उपायही धोक्याचा आहे. गाडी उशिरा भरली तर वाटेत मुदत संपते. जो माणूस गाडीजवळ आहे त्यानेच, गाडी निघताना बिल काढलेलं बरं.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी चोपडा तालुक्यात आहे, मी संचालक मंडळावर आहे. ऑडिटरच्या ऑफिसातून निरोप आला की सॉफ्टवेअरचा फुल ॲक्सेस द्या, काही एंट्र्या आम्हीच करून टाकू. ऑडिटरला नाही कसं म्हणायचं? (एक संचालिका, चोपडा)

ताई, ‘बघायला या’ असं अगदी मोकळ्या मनाने म्हणा, आणि ‘लिहायला’ नको म्हणा. यात अवघडण्यासारखं काही नाही, कायदाच तुमच्या बाजूने आहे. कंपनी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे ऑडिटरला हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर कधीही पाहण्याचा हक्क आहे, तो तुम्ही अडवू शकत नाही. पण कलम १४४ त्याच ऑडिटरला त्या कंपनीचे हिशेब लिहिण्याचं काम करू देत नाही. जो तपासणार त्यानेच लिहायचं नाही. एंट्र्या बदलायच्या असतील तर ऑडिटरने यादी द्यावी, तुमच्या अकाउंटंटने त्या कराव्यात.

तेव्हा फक्त बघण्याचा रोल द्या. ऑडिटर स्वतः येत नाहीत, त्यांच्याकडे शिकणारी मुलं येतात, आणि ती दरवर्षी बदलतात. प्रत्येकाच्या नावाने वेगळा युजर आणि ऑडिट अहवालावर सही होण्याच्या दिवसापर्यंतची मुदत. अहवाल लांबला तर मुदत वाढवा. पुढच्या वर्षी नवी मुलं येतील तेव्हा नवे युजर.

तुमची उत्पादक कंपनी ही कायद्याने कंपनीच आहे, त्यामुळे आणखी एक नियम तुम्हाला लागू होतो आणि तो मंडळाच्या बैठकीत जरूर सांगा. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, चालू असलीच पाहिजे. ती बंद करता येता कामा नये. ती वर्षभर चालू होती की नाही हे ऑडिटरला आपल्या अहवालात लिहावं लागतं. आता विचार करा, सगळे एकाच ‘ॲडमिन’ने आत जात असतील तर त्या ट्रेलमध्ये पानोपानी एकच नाव दिसणार. नियम पाळल्याचं समाधान मिळेल, पण केळीच्या खरेदीत कोणी काय बदललं ते मात्र कळणार नाही.

ऑडिटर वेगळे आणि जीएसटी भरणारे सल्लागार वेगळे असतील, तर सल्लागारांना लिहिण्याची परवानगी लागू शकते. दरमहा रिटर्न भरत असाल तर जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या विवरणाची) ११ तारीख आणि ३-बी ची (कर भरण्याच्या विवरणाची) २० तारीख, या दोन तारखांच्या आसपासच त्यांचं काम असतं. रिटर्न भरून झालं की तो महिना कुलूपबंद करा; बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये मागच्या तारखांच्या नोंदी लॉक करता येतात. नंतर काही सुधारायचं निघालं तर मंडळाकडून कारण लेखी घेऊन तेवढ्यापुरतं उघडायचं आणि पुन्हा लावायचं.

एक गोष्ट मात्र कुठलीही मुदत परत आणू शकत नाही. लॉगिन चालू असताना कोणी सभासदांची यादी, त्यांचे बँक खाते क्रमांक आणि रकमा एक्सेलमध्ये उतरवून लॅपटॉपवर घेतल्या, तर लॉगिन बंद झाल्यावरही ती फाइल तिकडेच राहते. म्हणून ‘बघणे’ आणि ‘डाउनलोड’ या परवानग्या वेगळ्या करता येतात का ते तपासा. कित्येकदा लॉगिन द्यायची गरजच नसते. एखादा खातेउतारा हवा असेल तर तेवढाच काढून द्या. गुगल ड्राइव्हवर ऑफिसच्या सशुल्क खात्याच्या काही योजनांमध्ये फाइल शेअर करताना शेवटची तारीख घालता येते, ती घालून पाठवा.

भुसावळला आमचं छोटं हॉस्पिटल आहे, मी रिसेप्शन आणि बिलिंग बघते. सॉफ्टवेअर अडकलं की सपोर्टवाल्यांचा फोन येतो आणि ते ॲडमिनचा पासवर्ड मागतात. रात्री डॉक्टर ऑपरेशनमध्ये असतात, पेशंट डिस्चार्जसाठी थांबलेला असतो. नाही म्हटलं तर काम थांबतं. (एक वाचक, भुसावळ)

तुमची ओढाताण मला समजते. रात्री अकरा वाजता नातेवाईक काउंटरवर हात आपटत असतात तेव्हा नियम सांगणं सोपं नसतं. म्हणूनच हा निर्णय रात्री अकरा वाजता तुमच्यावर यायलाच नको, तो डॉक्टरांनी दिवसा घेऊन ठेवायला हवा. हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

सॉफ्टवेअरमध्ये ‘सपोर्ट’ नावाचा एक वेगळा युजर करून ठेवायचा. तो एरवी कायम बंद. तक्रार नोंदवली, तिचा नंबर मिळाला, की तो चालू करायचा. काम झालं की बंद. चालू-बंद करण्याचा अधिकार डॉक्टरांखेरीज आणखी एका जबाबदार माणसाकडे हवा, आणि रात्री तुम्हीच काउंटरवर असाल तर तो अधिकार तुम्हाला मिळायला हवा. हा अधिकार म्हणजे पूर्ण ॲडमिन नव्हे, हेही डॉक्टरांना सांगा. पासवर्ड फोनवर सांगायचाच नाही, कोणालाही.

फोन आला की तो ठेवा आणि करारावर छापलेल्या नंबरवर तुम्ही उलट फोन करा. आलेला फोन खरंच त्याच कंपनीचा आहे हे त्याशिवाय कळत नाही. त्यांनी स्क्रीन बघायला मागितली तर दाखवा, पण संगणकासमोरून उठू नका. आणि ‘पुढच्या वेळी तुम्हाला त्रास नको’ म्हणून ते तुमच्या संगणकावर न विचारता आत येण्याचा पासवर्ड लावून ठेवत असतील, तर तो लावू देऊ नका. सोयीच्या नावाखाली कायमचं दार उघडं राहतं ते असंच.

ॲडमिन खात्याचीच गडबड झाली, ओटीपी येईना, सगळंच बंद पडलं, तर? त्यासाठी एक राखीव ॲडमिन खातं असावं. त्याचा पासवर्ड आणि बॅकअप कोड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, त्यावर सही करून डॉक्टरांच्या कपाटात. पाकीट फोडलं की दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलायचा आणि का फोडलं ते वहीत लिहायचं.

पेशंटची माहिती इतर माहितीपेक्षा नाजूक असते, हे मी वेगळं सांगायला नको. एखाद्या बाईला कुठला आजार आहे, कोणाच्या सुनेचा गर्भपात झाला, हे गावभर होणं म्हणजे काय ते आपल्यासारख्या छोट्या शहरांत सगळ्यांना ठाऊक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे माहिती सॉफ्टवेअर कंपनीच्या हातून गेली तरी जबाबदारी तुमच्या हॉस्पिटलची राहते. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कोणी, केव्हा माहिती पाहिली याची नोंद ठेवणं त्या नियमांत आहे. तयारी आत्ताच करा.

मी जळगावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. आमच्या सगळ्या डेव्हलपरना ॲमेझॉनच्या क्लाउडवर कायमचा ॲडमिन ॲक्सेस आहे. मला तो काढायचा आहे, पण वरिष्ठ म्हणतात काम अडेल. (एक तरुण वाचक, जळगाव)

तुमचं बरोबर आहे, आणि हे नवं खूळही नाही. कुठल्याही प्रोग्रामने आणि माणसाने कामापुरत्या किमान अधिकारांतच काम करावं, हे सॉल्ट्झर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलं आहे. काळाची मर्यादा ही त्याचीच पुढची पायरी.

ॲमेझॉनवर रोल, म्हणजे ठरावीक अधिकारांचा संच, घेतला की तात्पुरत्या कीज, म्हणजे आत येण्याच्या डिजिटल किल्ल्या, मिळतात. मुदत सांगितली नाही तर त्या १ तास चालतात. कमीत कमी १५ मिनिटं, आणि रोलवर मर्यादा वाढवून ठेवली तर १२ तासांपर्यंत. एका रोलमधून दुसरा रोल घेतला तर मात्र १ तासच. तेव्हा आधी लॅपटॉपांवर पडून असलेल्या कायमच्या ॲक्सेस कीज शोधा आणि कमी करत जा. रोज लागणारं वाचनापुरतं राहू द्या, प्रोडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेल्या यंत्रणेवर, बदल करायचा असेल तेव्हाच रोल. तुमच्याकडे मायक्रोसॉफ्टचं एन्ट्रा (लॉगिन आणि अधिकार सांभाळणारी सेवा) असेल तर त्यात माणसाला अधिकारासाठी ‘पात्र’ ठेवता येतं: अधिकार असतो, पण झोपलेला. लागेल तेव्हा तो कारण लिहून जागा करतो आणि ठरलेल्या वेळाने तो आपोआप झोपतो. नेहमीची मर्यादा ८ तासांची असते, ती तुम्ही कमी करा. यासाठी वरच्या दर्जाचं लायसन्स लागतं, ते बजेटमध्ये आधीच सांगा.

वरिष्ठांची शंका एकाच जागी खरी आहे. परवानगी देणारा माणूस एकटा असेल आणि तो लग्नाला गेला असेल, तर काम अडेलच. देणारे दोघे तरी ठेवा आणि रात्रीच्या अडचणीसाठी आपोआप मंजूर होणारी छोटी मुदत ठेवा, जिचा मेसेज लगेच सगळ्यांना जाईल. लॉगही, म्हणजे कोणी केव्हा काय केलं याच्या नोंदी, सांभाळा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ते १८० दिवस ठेवायचे आहेत आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची आहे. कोणाला केव्हा कुठला अधिकार होता हेच माहीत नसेल, तर त्या ६ तासांत तुम्ही काय कळवणार?

मी अमळनेरला एका पेढीवर आयुष्यभर मुनीमकी केली. आता मालकांचा मुलगा म्हणतो, सगळ्यांना मुदतीचं लॉगिन. काल मलाही फॉर्म भरायला लावला. आमच्या काळी शब्दावर लाखोंचे सौदे व्हायचे. हा अविश्वास नाही का? (एक मुनीम, अमळनेर)

काका, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘भाऊ, मन्हावर इस्वास नही शे का?’ हा प्रश्न मी जिथे जिथे लॉगिन वेगळी करायला जाते तिथे कोणीतरी विचारतंच. बहुतेक वेळा सगळ्यांत प्रामाणिक माणूसच तो विचारतो.

मी पाहिलेलं सांगते. एका जिनिंगमध्ये हिशेब जुळेना. सगळे एकाच लॉगिनवर. आळ कोणावर आला? काट्यावर बसणाऱ्या यावलकडच्या एका पोरावर. मालकाच्या पुतण्यावर नाही, जुन्या ग्रेडरवर नाही. त्या पोराचा तिथे कोणी नातलग नव्हता, म्हणून त्याच्यावर. त्याने घेतलं नाही हे तो दाखवू शकला नाही, कारण नोंदींवर कोणाचंच नाव नव्हतं. शेवटच्या पंधरवड्याचा पगार न घेता तो निघून गेला. पुढे खरं काय ते कोणालाच कळलं नाही, आणि कळण्याचा काही मार्गही नव्हता. त्याच्या नावाचं, त्याच्या कामापुरतं लॉगिन असतं, तर मालकाला पाच मिनिटांत दिसलं असतं की भावाचा रकाना त्याला उघडतच नव्हता. मी हे काम एवढं धरून बसते ते त्याच्यासारख्या पोरांसाठी. ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही, त्याच्या बाजूने ती नोंद बोलते.

शब्दावर सौदे होत होते हे खरं आहे. पण काका, तुम्हीही रोजमेळ लिहिलाच ना, आणि त्याच्या खाली सहीही केली. ट्रक आत येताना गेटपास देतात, तेव्हा ड्रायव्हरला कोणी चोर म्हणत नाही. माल उतरला की तो पास परत करतो आणि जातो. तुमच्या मालकांच्या मुलाचं चुकलंच असेल तर ते फॉर्म देण्याच्या पद्धतीत. तुमच्यासारख्या माणसापुढे टेबलावर फॉर्म सरकवायचा नसतो. शेजारी बसून, आधी स्वतःचं खातं दाखवून, मग सांगायचं असतं. आणि नियम मालकांपासून सुरू व्हायला हवा. त्यांनी स्वतः रोजच्या कामाला साधं लॉगिन वापरावं, ॲडमिन लागेल तेव्हाच उघडावं. तसं होत नसेल तर तुम्ही त्यांना स्पष्ट सांगा. तुमचं वय आणि तुमची नोकरी तुम्हाला तो अधिकार देते.

तुमच्या स्वतःच्या लॉगिनबद्दल एक सुचवते. पत्रात तुम्ही या मार्चनंतर थांबणार असल्याचं लिहिलंय. फेब्रुवारीपासूनच तुमच्या परवानग्या एकेक करून नव्या माणसाकडे द्यायला लावा आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसा. एक एप्रिलला तुमचं खातं लगेच बंद करू नये. तीन महिने ते फक्त बघण्यापुरतं चालू ठेवावं, कारण जुन्या उधाऱ्या आणि अडलेल्या नोंदी विचारायला ते तुमच्याकडेच येणार. जूनअखेर बंद. त्या तीन महिन्यांचं मानधन ठरवून घ्या, आणि ते मागताना संकोच करू नका.